अखेरच्या विक्रीचा फलक

मंदीत बंद पडणारे दुकान लोकांना एकाएकी प्रिय वाटू लागते. ब्रिटनमधील वूलवर्थ्स या दुकानांच्या साखळीचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. १९०९ साली लिव्हरपूल येथे तिचे तेथील पहिले दुकान निघाले. तीन व सहा पेन्स अशा ठरावीक किमतींमुळे ते श्रमिकांच्या आवाक्यात आले. नोव्हेंबर २००८ मध्ये या पेढीचे दिवाळे निघाले. डिसेंबरात अखेरच्या विक्रीचे फलक लागताच एरवी न फिरकणाऱ्यांचीही तेथे गर्दी लोटली. मालापाठोपाठ फडताळेही विकली गेली. ६ जानेवारी २००९ रोजी ८०७ दुकानांपैकी उरलेलीही मिटली.

त्यानंतर जे लिहिले गेले, त्यात बालपणीच्या गोळ्या-चॉकलेटांच्या आठवणी उदंड होत्या. हे स्मरणरंजन वाटते तितके निरुपद्रवी नाही. सुमारे २७,००० कर्मचाऱ्यांची रोजी गेली, ही वस्तुस्थिती त्याने झाकोळते. शिवाय सारा दोष मंदीच्या माथी मारला जातो. २००१ मध्ये अनेक दुकानांच्या इमारती विकून त्याच पुन्हा भाड्याने घेण्यात आल्या होत्या आणि भाड्याचा बोजा मंदीपूर्वीच मानेवर बसला होता, हे विसरले जाते.

बाजारपेठेचे चित्रण करणाऱ्या आपल्या भाषांतील साहित्यालाही हा मोह आहे. दुकानाच्या पाटीवर विलापिका रचणे सोपे. स्वतःच्याच नोकरीचा शेवट जाहीर करणारा फलक टांगणाऱ्या विक्रेतीचे मन जाणणे कठीण. समीक्षेने लेखकाकडून अपेक्षा करावी ती या दुसऱ्या गोष्टीची.