व्याकरणाचे पहारेकरी आणि कुणब्याची जीभ

"तुमचे म्हणणे खरे असेल हो, पण भाषा जरा सौम्य ठेवा!" हा उपदेश ऐकून ऐकून आमचे कान किटले आहेत. उपदेश करणारे गृहस्थ बहुधा हसतमुख असतात. अन्याय झाला की नाही, याविषयी ते चकार शब्द काढीत नाहीत. फिर्याद कोणत्या शब्दांत मांडली एवढेच तपासतात. शेजारचे घर पेटले असता "इझवा, इझवा" म्हणून ओरडणाऱ्यास "विझवा म्हणावे" असे शिकविणारा शेजारी कसा काय असेल, ते वाचकांनीच ठरवावे.

ही तऱ्हा आजची नव्हे. १८७३ साली जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' बाहेर पडली आणि त्याच साली २४ सप्टेंबरास पुण्यात सत्यशोधक समाज उभा राहिला. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त या पुस्तकाचा आणि समाजाच्या अहवालाचा समाचार घेतला. शास्त्रीबुवांची लेखणी धारदार होती, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो. पण ती धार चालली कशावर? जोतीरावांच्या व्याकरणावर, त्यांच्या वाक्यरचनेवर, त्यांच्या शब्दांवर! अवतारकथांचा जोतीरावांनी लावलेला अर्थ आज कोणी इतिहास म्हणून जसाच्या तसा घेणार नाही. त्यावर वाद घालण्यास जागा होती आणि आहे. परंतु शूद्रातिशूद्रांची पोरे शाळेबाहेर का, आणि त्यांच्या बापांच्या घामाचा पैसा कोणाच्या शिक्षणावर खर्च होतो, हा त्या पुस्तकामागचा सवाल होता. त्याचे उत्तर विभक्तिप्रत्ययांत सापडणारे नव्हते. सबब सवाल बाजूस राहिला आणि प्रत्यय तेवढे दुरुस्त झाले.

बरे, ज्या शुद्धतेचा एवढा सोवळेपणा, ती तरी आली कोठून? मोल्सवर्थ साहेबाचा कोश १८३१ साली निघाला. मेजर कँडी साहेब शाळाखात्याची मराठी पुस्तके वर्षानुवर्षे तपाशीत बसले. कोणता शब्द शिष्ट, कोणता गावंढळ, हे पुण्याच्या शास्त्र्यांना शेजारी बसवून साहेबांनी ठरविले. आज आपण वाक्याच्या शेवटी जो पूर्णविराम देतो, तोही विलायतेहून आला. खुद्द शास्त्रीबुवांचे निबंध जॉन्सन आणि मेकॉले यांच्या घाटावर पाणी प्यालेले. इंग्रजाचे वळण उचलले तर ती भाषेची सेवा, आणि कुणब्याचा शब्द उचलला तर तो भाषेचा विटाळ! हा न्याय आम्हांस काही उमगत नाही.

आणि जोतीरावांना 'शुद्ध' लिहिता येत नव्हते म्हणून ते तसे लिहीत, असे कोणी समजत असेल तर तो समज साफ खोटा आहे. 'गुलामगिरी'ची एक प्रस्तावना इंग्रजीत आहे. कारण ती सरकारने वाचावयाची होती. १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर कमिशनापुढे त्यांनी जे निवेदन दिले, तेही इंग्रजीतच. त्यात ना शिवी, ना आरडाओरड. रयतेकडून महसूल येतो आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा हिशेब त्यांनी साहेबापुढे ठेवला, आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. सरकारशी बोलावयाचे तेव्हा हिशेबाची भाषा, आणि धोंडीबाशी बोलावयाचे तेव्हा धोंडीबाची. 'गुलामगिरी'चे सोळाही भाग जोतीबा आणि धोंडीबा यांच्या सवालजबाबात लिहिलेले आहेत ते उगीच नव्हे. ज्याला आजवर नुसते ऐकविले गेले, त्याला प्रश्न विचारण्याची सवय लावावयाची, तर पुस्तकातल्या धोंडीबाला आधी प्रश्न विचारू दिले पाहिजेत.

'शेतकऱ्याचा असूड' घ्या. १८८३ साली तो लिहून पुरा झाला. त्या सुमारास जोतीरावांनी तो गावोगाव वाचून दाखविला. जुन्नर, ओतूर, हडपसर ही नावे त्यांनी स्वतःच नमूद केली आहेत. पुस्तक विकत घेणारा आणि पुस्तक ऐकणारा यांतला भेद ज्याला कळला, त्याची वाक्ये निराळीच पडतात. ती लांब असतात, श्वास लागेतो चालतात, मध्येच हाक मारतात. आणि कुणब्याच्या घरात शिरली की गोठा, चूल, फाटकी वाकळ, सारे मोजून दाखवितात. ऐकणाऱ्याने मान वर करून "हे तर माझेच घर" म्हणावे, एवढ्यासाठी ते वर्णन आहे. असूडाचे पहिले दोन भाग 'दीनबंधू'त छापले गेले आणि पुढचे छापण्याचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी नाकारले. हे लोखंडे परके नव्हेत. गिरणी कामगारांसाठी झिजलेला, आपल्यातलाच मोठा माणूस. तेव्हा सौम्य भाषेचा धाक समोरच्याच आळीत राहतो असे नाही. तो आपल्या छापखान्यातही येऊन बसतो.

जोतीरावांच्याही आधी, १८५५ साली, 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध आला. लिहिणारी मुक्ता साळवे, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांग जातीची मुलगी. तिच्या निबंधातील युक्तिवाद आमच्या मते आजही कोणा वकिलाने पाठ करावा असा आहे. वेद आमचे, त्यांवर दुसऱ्याचा हक्क नाही, हे प्रतिपक्षाचे म्हणणे ती नाकारीत नाही. ती ते चक्क मान्य करते. आणि मग विचारते की, वेद आमचे नव्हेत तर आम्हांस धर्मपुस्तक नाही. मग आमचा धर्म तरी कोणता? वेद तुमचे म्हणावे तर त्याचे नियम आमच्यावर चालत नाहीत, आणि नियम चालवावे तर वेद आमचेही ठरतात. शास्त्र्यांच्याच दोरीने शास्त्र्यांचे हात बांधले. त्यानंतर ती आपल्या बायका छपराविना बाळंत होतात ते सांगते, आणि तेथे युक्तिवाद करीत नाही, नुसते सांगते. कोठे कोटिक्रम करावा आणि कोठे थांबावे, हे तिला शाळकरी वयात कळले होते.

ताराबाई शिंदे वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. पण वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीला नीतीचे धडे देण्यास एकच ऊत आला. ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' छापून त्या उपदेशकांची झडती घेतली. भाषा कोणती? उंबऱ्यात उभे राहून भांडणाऱ्या बाईची. टोमणे, म्हणी, खोचक प्रश्न, सारे घरातले. जे जे दोष तुम्ही बायकांच्या पदरी बांधता, ते तुमच्या अंगी नाहीत काय, एवढाच तिचा सवाल. एक मराठा बाई एका ब्राह्मण विधवेसाठी उभी राहिली, हे आम्हांस मुद्दाम सांगावयाचे आहे. कारण बहुजनांची कठोर भाषा जातिद्वेषातून येते, असा आरोप करणाऱ्यांना हे दिसत नाही. ताराबाईंवर टीका झाली तेव्हा जोतीरावांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. त्याच जोतीरावांनी १८६३ साली आडवळणी सापडलेल्या ब्राह्मण विधवांसाठी आपल्या घरी बालहत्या-प्रतिबंधक गृह काढले होते.

आता या 'असभ्य' लेखनाचे झाले काय, तेही ऐका. जोतीरावांचे 'तृतीय रत्न' नाटक १८५५ साली दक्षिणा प्राइझ कमिटीपुढे गेले. जोशीबुवा एका गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून कसे लुबाडतो, हा त्याचा विषय. कमिटीने ते बाजूस सारले, आणि ते प्रथम छापले गेले १९७९ साली! ताराबाईंचे पुस्तक विस्मरणात गेले ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापीपर्यंत. एकशे चोवीस वर्षे एकाची, त्र्याण्णव वर्षे दुसरीची. व्याकरणाची चूक काढणे हा पहिला उपाय. दुसरा, अधिक रामबाण उपाय म्हणजे मौन.

१८८५ साली पुण्यास ग्रंथकारांची सभा भरली आणि न्यायमूर्ती रानड्यांकडून जोतीरावांना बोलावणे गेले. जोतीरावांनी पत्र लिहून ते नाकारले. जे लोक माणसांचे हक्क उघडपणे व मनापासून देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि त्यांच्या पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय. आम्हांस हे पत्र मराठी वाङ्मयावरील सर्वांत मोठी टीका वाटते. त्याच सभांच्या रांगेतले ९८ वे संमेलन २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीस भरले. त्याआधी, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे आम्हीही खाल्ले. पण त्या दिवशीही एखाद्या शाळेत "पानी" म्हणणाऱ्या पोरीस वर्ग हसला असेल, आणि पोरगी खाली बसली असेल. एकदा खाली बसलेले पोर पुन्हा हात वर करण्यास फार दिवस घेते, हे मास्तरांनी ध्यानात घ्यावे.

इथवर वाचून आमचेच काही लेखक मिशांवर ताव देत असतील. त्यांनी जरा थांबावे. मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' चालविला तो नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून. त्यांनी १९१३ साली 'कुलकर्णी लीलामृत' लिहिले ते पोथीच्या ओवीत. गावकऱ्यांच्या कानाला पोथीची सवय होती. त्याच सवयीवर त्यांनी कुलकर्ण्याच्या दप्तराच्या लीला चढविल्या. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साज घेतला तोही याच हिशेबाने. डॉ. आंबेडकरांनी १९२० साली 'मूकनायका'च्या पहिल्या अंकात हिंदू समाजास शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली; ती निरक्षर माणसालाही एकदा ऐकून पुरते. आणि आमचे आजचे विद्वान? "वर्चस्ववादी संरचनांचे चिकित्सक विखंडन" करीत बसले आहेत! हे कोणाला सांगता, बाबांनो? ज्याचे विखंडन करता त्याला त्याचे काहीच वाटत नाही, आणि ज्याच्यासाठी करता त्याला ते कळत नाही. दुसरे काही आहेत, ते सवाल न करता नुसत्या जातीवरून शिव्या देतात. शिवी ऐकून टाळी पडते हे खरे, पण मुक्ता साळवेच्या एका प्रश्नाने जे काम केले ते शंभर शिव्यांनी होत नाही. लोकहितवादी जन्माने ब्राह्मण होते, आणि १८४८ पासून 'प्रभाकरा'तल्या पत्रांतून त्यांनी आपल्याच जातीची जी कानउघाडणी केली, ती आमच्या कित्येक शिवीगाळ करणाऱ्यांना साधणार नाही.

असो. वाचकांपैकी अनेकजण पत्र लिहिण्यास कचरतात. "आमचं लिवनं सुद नाही" म्हणतात. त्यांना आमचे कळविणे इतकेच की, सावकाराचा हिशेब, तलाठ्याचा दाखला, पाणवठ्यावरची अडवणूक, शाळेतला अपमान, जे घडले ते ज्या तोंडाने घरी सांगता त्याच तोंडाने लिहावे. साल, गाव आणि आकडा मात्र बिनचूक असावा. तेथे आम्ही कोणासही सूट देणार नाही. "पानी" लिहाल तर "पानी"च छापू.