टोक्याचे दोन तीर

भूमध्य समुद्रांतील सायप्रस बेट १९७४ पासून दुभंगलेलें आहे. राजधानी निकोशियाच्या मधोमध तारेचें कुंपण आहे. तथापि जमिनीखालच्या सांडपाण्यास कुंपण कोण घालणार? १९७८ सालीं ग्रीक बाजूचे नगराध्यक्ष देमेत्रियादिस व तुर्की बाजूचे आकिंजी यांनीं त्याची एकच व्यवस्था करण्याचें ठरविलें. बेटाचा तंटा अद्याप मिटलेला नाहीं, हें खरें.

आपल्या जिल्ह्यांत टोक्यास प्रवरा गोदावरीस मिळते. अलीकडे नेवासें तालुका, पलीकडे कायगांव. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तो पलीकडचा तीर निजामाच्या राज्यांत होता. राज्यें दोन, परंतु भाषा एक, सोयरिकी एकमेकांत, आणि पर्वणीचें स्नान एकाच पाण्यांत! ती सरहद्द गेली. नवल असें कीं, आज एकाच राज्यांत असतां पाण्यावरून मात्र आपण परके होऊं लागलों आहों.

पैठणच्या जायकवाडींत १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावें, असें २०१४ सालीं ठरलें. २०२३ सालीं ८.६ अब्ज घनफूट सोडण्याचा हुकूम निघाला तेव्हां आपल्याकडे केवढा संताप उसळला! तो अगदींच अनाठायीं होता, असें आम्ही म्हणत नाहीं. मुळेच्या कालव्यावर ज्याचें पीक उभें, त्याचा जीव तुटणारच. पण खालच्या गांवीं पिण्याची घागर रिकामी असते, हेंही तितकेंच खरें.

सोडलेल्या पाण्यापैकीं वाटेंत कोरडें पात्र किती पितें, यावरून दोन्ही बाजू भांडतात. तें मोजण्यास नेवाशाचा एक व गंगापूरचा एक असे दोन शेतकरी टोक्याच्या घाटावर सरकारी माणसाशेजारीं कां बसूं नयेत?