बाजेखालचा मोत्या आणि आजींची खाज



गेल्या पावसाळ्यात देवगाव फाट्यावरील माझ्या दवाखान्यात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आल्या. दोन्ही घोट्यांभोवती लाल, खाजरे फोड होते आणि मधुमेहामुळे खाजवलेल्या जखमा चिघळल्या होत्या. ‘अंगावर पित्त उठलंय’ असे समजून महिनाभर गोळ्या चालू होत्या. बाजेखाली कोण निजते, असे विचारताच सूनबाई म्हणाल्या, “मोत्या.” मग हळूच सांगितले, “डॉक्टरसाहेब, कपाशीवरचं औषध आणलंय. आज त्याच्या अंगावर अन् खोलीत मारणार होतो.”

त्या आदल्या दिवशी न येता त्याच दिवशी आल्या, हे सर्वांचे दैवच. पिकावरील कीटकनाशक कातडीतून व श्वासातूनही शरीरात शिरते. बंद खोलीत निजणाऱ्या वृद्धाला, लहान मुलाला अन् मुक्या जनावराला ते प्राणघातक ठरू शकते. ते घरात कदापि वापरू नये.

पिसवा ओळखणे सोपे आहे. जनावराच्या केसांतील काळे कण ओल्या कापसावर टेकवावेत. तांबूस डाग उमटला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त होय. परंतु अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्याच. त्यांची अंडी अंगावरून गळून गोधडीत, सतरंजीत आणि जमिनीच्या भेगांत पडतात. तेथे अळी होते व पुढे ती कोशात जाते. कोशातील पिसू काही महिनेही थांबू शकते आणि पावलांची चाहूल व ऊब लागताच बाहेर येते. म्हणून केवळ कुत्र्याला आंघोळ घालून भागत नाही.

घरातील सर्व जनावरांवर एकाच वेळी पशुवैद्यकाने सांगितलेले औषध लावावे. कुत्र्याचे औषध मांजराला लावू नये. त्यातील परमेथ्रिन मांजराचा जीव घेते. अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. बाजेखालची जागा व कोपरे रोज झाडावेत, केर लगेच घराबाहेर टाकावा, भेगा बुजवाव्यात. घरात फवारणी करायचीच असेल, तर ती घरगुती वापराच्या औषधाने, वेष्टनावरील सूचनेनुसार करावी. त्या वेळी वृद्धांना, विशेषतः दमेकऱ्यांना, बाहेर बसवावे आणि जागा वाळून हवा खेळल्यावरच आत आणावे. पुढील काही आठवडे नव्या पिसवा दिसतील. उपाय फसला असे समजू नये, नेटाने चालू ठेवावा.

शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गाव ज्येष्ठांना आठवत असेल. १९९४ च्या ऑगस्टमध्ये तेथे पिसवांचा उपद्रव व उंदीर मरून पडणे यांपाठोपाठ गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. घरच्या कुत्र्यामांजरांच्या पिसवांमुळे घाबरण्याचे कारण नाही. मात्र उंदीर मेला, की त्याच्या पिसवा दुसरे रक्त शोधतात. म्हणून आधी पिसवा, मग उंदीर, असा क्रम असावा. अनेक उंदीर मेलेले दिसले, तर हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. तापासोबत जांघेत वा काखेत दुखरी गाठ आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आजींच्या जखमा भरल्या. मोत्याला घराबाहेर काढावे लागले नाही. त्याची जागा ओसरीवर गेली, आणि आजींची बाजही सकाळी तिथेच टाकली जाते.