दोन चुली, एक कमाई

आखातातून रजेवर आलेल्या माणसाभोवती चार माणसे जमली की बोलणे हटकून बाजारभावावर येते. "तिकडे दूध काय भाव?" असा प्रश्न होतो. "सहा दिरहम लिटर," असे उत्तर मिळते. लगेच कोणीतरी गुणाकार करतो : सहा तेवीसे एकशे अडतीस रुपये! "मग तुम्ही लोक जगता तरी कसे?" दुसऱ्या दिवशी हाच माणूस गावच्या किराणा दुकानात जातो. तूरडाळ १६० रुपये किलो असल्याचे ऐकून म्हणतो, "सातच दिरहम? आपल्याकडे किती स्वस्ताई आहे!" आणि पाच किलोच्या जागी दहा किलो बांधून घेतो.

आमच्या मते हे दोन्ही हिशेब फसवे आहेत. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील आपल्या असंख्य घरांचा संसार आखाताच्या कमाईवर चालतो. म्हणूनच या फसव्या हिशेबाची किंमत आपण सर्वच मोजत आहोत.

महागाई रुपयात किंवा दिरहमात मोजण्याऐवजी श्रमाच्या तासांत मोजून पाहावी. समजा, दुबईतील एका कामगाराला दरमहा १५०० दिरहम मिळतात. महिन्याचे २६ दिवस आणि रोजचे आठ तास धरले तर एका तासाला सव्वासात दिरहमांच्या आसपास पडतात. गावातील मजुराला दिवसाला ६०० रुपये मिळतात असे धरू, म्हणजे तासाला ७५ रुपये. आता २०२४ सालचे ढोबळ भाव घेऊ. लिटरभर दुधासाठी दुबईत ५० मिनिटे राबावे लागते, गावात ६० रुपयांच्या दुधासाठी ४८ मिनिटे. येथे फरक जवळजवळ नाहीच. एक किलो तूरडाळ दुबईत आठ दिरहम धरली तर सव्वा तासाच्या आतच तिची किंमत निघते, गावात मात्र दोन तासांहून अधिक लागतात. मटण तेथे ४५ दिरहम किलो धरले तर सव्वासहा तासांचे काम, येथे ८०० रुपये किलोने साडेदहा तासांहून जास्त.

म्हणजे किराण्यापुरते बोलायचे तर तेथे कमावून तेथेच खाणाऱ्याला अन्न महाग नाही. तेथे कंबर मोडते ती कुटुंब नेल्यावर लागणाऱ्या घरभाड्याने, मुलांच्या शाळेच्या फीने आणि व्हिसाच्या खर्चाने. परंतु एकटा राहणारा आपला माणूस प्रत्येक घास तेवीसने गुणतो. मटण म्हणजे हजार रुपये, म्हणून नको. फळे नकोत, दूध तर नकोच. खुबूस आणि पातळ डाळीवर तो दिवस काढतो आणि उरलेले पैसे घरी पाठवतो. दहा-पंधरा वर्षांनी तो परततो तेव्हा अंगात बळ उरलेले नसते. पोटाला चिमटा घेऊन वाचवलेला पैसा मग औषधपाण्यात जातो. ही काटकसर नव्हे, हे भांडवल मोडून खाणे आहे. कारण मजुराचे शरीर हेच त्याचे भांडवल असते.

दुसरी बाजू घरची. दिरहम डॉलरशी बांधलेला आहे. १९९७ पासून एका डॉलरचा सरकारी दर ३.६७२५ दिरहम असा ठरलेला आहे. त्या वर्षी एका दिरहमाला सुमारे दहा रुपये मिळत, २०२४ मध्ये सुमारे तेवीस मिळू लागले. दर वाढला की आपल्याकडे आनंद होतो. पण त्याच काळात तूरडाळ तीस रुपयांच्या आसपासून १६० रुपयांवर गेली. पूर्वी एक हजार दिरहम घरी आले तर सव्वातीनशे किलोहून अधिक डाळ येई. २०२४ च्या भावाने त्याच हजार दिरहमांत दीडशे किलोही येत नव्हती. हातात रुपये दुपटीहून अधिक आले, पण घरात माल निम्म्याहून कमी आला. ज्याचा पगार या काळात दुपटीहून अधिक वाढला नाही, तो डाळीच्या हिशेबाने मागेच गेला. ही गोष्ट ना पाठवणाऱ्याच्या लक्षात येते, ना घेणाऱ्याच्या. घरच्यांना वाटते, "पैसे कमी का पाठवतात?" आणि त्याला वाटते, "एवढे रुपये जातात कुठे?" याच गैरसमजातून कित्येक घरांत कटुता आली आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या दोन चुली वरवर दूर दिसतात, तरी बाजार त्यांना जोडतो. भारत सरकारने जुलै २०२३ मध्ये बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची आणि डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात थांबवली. हेतू असा की देशात भाव आटोक्यात राहावेत. पण आखातातील आपल्या माणसाच्या ताटातला तांदूळ आणि कांदा बहुधा येथूनच जातो. एकाच कुटुंबाला इकडे दिलासा आणि तिकडे तोशीस! ही बंदी २०२४ मध्ये उठली, तरी असा प्रसंग पुन्हा येणार नाही असे कोणी सांगावे?

मग करावे काय? पहिली गोष्ट, दोन्ही चुलींचा हिशेब एका वहीत यावा. घरच्या किराण्याचा महिन्याचा आकडा त्याला कळावा आणि त्याच्या मेसचा खर्च घरच्यांना कळावा. पगार किती, कर्ज किती, हे पत्नीपासून लपवण्यात कोणताही मोठेपणा नाही. दुसरी गोष्ट, उधारी आवरावी. कॅम्पाजवळच्या बकाल्यात वहीवर माल घेणारा आणि गावात पैसे येईपर्यंत वाण्याकडे खाते चालवणारी त्याची घरची मंडळी, दोघेही दुकानदार सांगेल त्या भावाने घेतात. एका खोलीतील सात-आठ जणांनी तांदळाची गोणी आणि तेलाचा डबा मोठ्या बाजारातून रोखीने घ्यावा. गावातही चार घरांनी मिळून तसेच करावे. तिसरी गोष्ट, आखाताचा पैसा येऊ लागल्यापासून आपल्या कितीतरी घरांची भातखाचरे पडीक पडली आणि परसातली भाजी गेली. जो तांदूळ आपल्या शेतात पिकत होता तोच आज आपण विकत आणतो. निदान परसात मिरची, वांगी, शेवगा लावायला कोणाचा व्हिसा लागत नाही.

आणि शेवटची विनंती आखातातील आमच्या भावांना. दूध विकत घेताना तेवीसने गुणू नका, ते तुमच्या ५० मिनिटांच्या घामाचे आहे. ते प्या. घरच्यांना तुमच्या पैशांची गरज आहे खरी, पण त्याहून अधिक गरज धडधाकट परतणाऱ्या माणसाची आहे.