जिना चढण्याचे मोल

पवना धरणातून सोडलेले पाणी पवनानगरहून नदीच्या पात्राने वाहत जाते, रावेतच्या बंधाऱ्याजवळ उचलले जाते आणि शुद्ध होऊन पिंपरी-चिंचवडच्या इमारतींच्या पायथ्याशी पोहोचते. तेथपर्यंतचे काम महापालिकेचे. जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत ते चढवण्यास पंप लागतो, पंपाला वीज लागते आणि त्या विजेचे बिल गृहनिर्माण संस्थेचे सभासद दरमहा वर्गणीतून मुकाट्याने भरतात. पाणी आपण होऊन वर चढत नाही आणि चढवायचे तर खर्च येतो, याविषयी कोणत्याही वार्षिक सभेत वाद झाल्याचे ऐकिवात नाही. त्याच इमारतीचा जिना महिन्याचा किराणा किंवा भरलेला गॅस सिलिंडर खांद्यावर घेऊन एखादा माणूस चढतो, तेव्हा मात्र त्या चढण्याचा खर्च कोणाच्याच वहीत सापडत नाही.

घरपोच माल पोहोचवणाऱ्याने ओझे वरच्या मजल्यावर नेऊन द्यावे की इमारतीच्या दारात ठेवून निघावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. तथापि मोबाइलवरून वाणसामान मागवण्याची प्रथा रूढ झाल्यापासून शहरांत, आणि आता तळेगाव-वडगावसारख्या वाढत्या गावांतही, त्यावरून रोज कोठे ना कोठे बोलाचाली होत असते. सारा घोटाळा ‘घरपोच’ या शब्दातच आहे. मागवणाऱ्याच्या लेखी घर म्हणजे आपला उंबरठा. आणणाऱ्याच्या लेखी घर म्हणजे जेथे दुचाकी उभी राहते ती जागा. पवनानगरसारख्या गावात या दोन जागांमध्ये अंगणाच्या चार पावलांचेच अंतर असल्याने शब्दाच्या अर्थावरून भांडण्याची वेळ कोणावर येत नाही. चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत मात्र त्या दोन जागांमध्ये साठ-सत्तर पायऱ्या उभ्या राहतात.

या वादाचे सर्वांत जुने आणि सर्वांच्या परिचयाचे उदाहरण स्वयंपाकाच्या गॅसचे आहे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. लोखंडी टाकीचे वजन जवळजवळ तेवढेच किंवा थोडे अधिक. म्हणजे पाठीवरचे ओझे ३० किलोच्या घरात जाते. त्याशिवाय रिकामी टाकी खाली आणावयाची असते, म्हणजे उतरतानाही हात मोकळे नाहीत. नियम सांगतो की, सिलिंडरच्या किमतीत घरी पोहोचवण्याचा खर्च धरलेला आहे, मग ग्राहक कोणत्याही मजल्यावर राहत असो. गोदामातून स्वतः सिलिंडर नेणाऱ्या ग्राहकास ठरावीक रक्कम वजा करून मिळते, यावरूनच पोहोचवण्याचे मोल किमतीत आहे हे स्पष्ट होते. तरीही दारात उभा असलेला कामगार वीस-तीस रुपये अधिक मागतो. ग्राहकाला ही लूट वाटते. नियम पाहिला तर ग्राहकाचे बरोबरही आहे.

पण नियम पाळला गेला तर पैसे कोणाच्या हाती पडतात, हेही पाहिले पाहिजे. पोहोचवण्याची रक्कम वितरकाकडे जमा होते. जिना चढणारा माणूस बहुधा वितरकाच्याही नव्हे, तर त्याने नेमलेल्या गाडीवाल्याच्या हाताखाली, दर सिलिंडरमागे मिळणाऱ्या मजुरीवर राबत असतो. तळमजल्यावर दहा सिलिंडर टाकणाऱ्याला आणि चौथ्या मजल्यावर दहा चढवणाऱ्याला मजुरी सारखीच. ‘मजला कोणताही असो’ हे शब्द लिहिणाऱ्याने ग्राहकाचे हित पाहिले, यात शंका नाही. मात्र मजल्यांतला फरक शब्दांनी पुसला म्हणून तो पायऱ्यांवरून पुसला जात नाही. तो कोणाच्या तरी गुडघ्यांत जाऊन साठतो. नियमाने ज्याची दखल घेतली नाही ते मोल मग कामगार दारात उभा राहून, अर्धवट अजिजीने आणि अर्धवट अरेरावीने, वसूल करू पाहतो. त्यात त्याचाही मान राहत नाही आणि ग्राहकाचाही.

वाणसामान पोहोचवणाऱ्या नव्या कंपन्यांनी हिशेब अधिक काटेकोर केला आहे, पण एकाच दिशेने. दुकानापासून इमारतीपर्यंतचे किलोमीटर उपग्रहाच्या साह्याने मोजले जातात आणि कामगाराची मजुरी मुख्यत्वे खेपेवर व त्या अंतरावर ठरते. येथे पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांना एक गंमत जाणवेल. शाळेत शिकवले जाते की, सपाट जमिनीवरून ओझे वाहून नेणारा हमाल कितीही दमला तरी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याने केलेले कार्य शून्य असते. तो जिना चढू लागला की कार्य घडू लागते, आणि ते ओझ्याच्याच नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या देहाच्या वजनासह मोजावे लागते. मजुरीच्या हिशेबात नेमके उलटे झाले आहे. आडवे अंतर मोजले जाते आणि उभ्या अंतराला शून्य मिळते. पुस्तकातला नियम पाठ करताना कुरकुरणाऱ्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण अवश्य द्यावे.

चढाला वेगळा खर्च पडतो, हे मावळाला कोणी शिकवण्याची गरज नाही. बोरघाटातून लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला आणि आजही लांब पल्ल्याच्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडावी लागतात. लोणावळ्यास पोहोचल्यावर ती सोडली जातात. कर्जत ते लोणावळा हे अंतर सपाटीवर असते तर त्या इंजिनांची गरज पडली नसती. त्यांचा खर्च रेल्वे आपल्या हिशेबात धरते. चढावर इंजिनाने आपल्या अंगच्या भलेपणाने जोर लावावा, अशी अपेक्षा कोणी करीत नाही.

यावर ग्राहकाच्या बाजूने जे म्हटले जाते ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. जुन्या वसाहतींतल्या लिफ्ट नसलेल्या इमारतींत आज राहणारी माणसे बव्हंशी वयस्क आहेत. ज्या कारकुनाने किंवा शिक्षकाने कर्ज काढून पस्तिशीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर घर घेतले, तो आज सत्तरीत आहे. मुले परगावी, गुडघे अधू. दहा किलो गव्हाची पिशवी आपल्याला वर आणता येत नाही म्हणूनच तो ती घरपोच मागवतो. ती फाटकाशी ठेवून निघून जाणे म्हणजे त्याच्या लेखी माल न पोहोचवण्यासारखेच आहे. त्याला कोणी ‘जिन्यावर ओझे वाहणे हे आमचे काम नव्हे’ असे ऐकवले तर त्याने वर जगावे तरी कसे? तेव्हा ओझे वर गेलेच पाहिजे. वर नेणे हे वेगळे काम मानले जावे आणि त्याची मजुरी कोणी तरी उघडपणे द्यावी, एवढाच खरा मुद्दा आहे.

पूर्वी ही व्यवस्था नव्हती काय, असे विचारणारे भेटतात. होती. वाण्याच्या दुकानातला पोऱ्या महिन्याची यादी घेऊन येई, सामान वर आणून देई आणि दिवाळीला पोस्त घेऊन जाई. पुण्या-मुंबईच्या चाळींत सज्जातून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडून भाजीपाला वर ओढून घेतला जाई. त्यात जिना कोणीच चढत नसे, ही त्या टोपलीची खरी चतुराई. पण त्या पोऱ्याचे गोडवे गाताना त्याचे वय काय होते, दिवसाचे किती तास तो राबत होता आणि पोस्त दिले नाही तर त्याला दाद मागण्यास जागा कोठे होती, हे प्रश्न सोयीस्करपणे गाळले जातात. ओळख आणि भीड यांवर चाललेली ती व्यवस्था होती. आज दार उघडणारा आणि दारात उभा असलेला एकमेकांना पुन्हा भेटण्याचीही शाश्वती नसते. भिडेवर सोडलेले मोल तेथे वसूल होणे शक्यच नाही.

ओझ्याचे मोल भिडेवर सोडू नये, हा धडा महाराष्ट्राने फार पूर्वी गिरवला आहे. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी १९५५ साली हमाल पंचायत उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले आणि १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीचा कायदा झाला. या कायद्याचे महत्त्व ज्याला मालकच सापडत नव्हता अशा कामगाराला त्याने दाद मागण्याची जागा दिली, यात आहे. आज या दुकानात, उद्या त्या गोदामात काम करणाऱ्याची नोंद मंडळाकडे झाली. मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मालाच्या धन्याने मंडळात भरावयाची आणि तीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार यांची सोय व्हावयाची, अशी रीत पडली. माल भरणे, उतरवणे, थप्पी लावणे, वाहून नेणे ही कामे एकेक म्हणून ओळखली गेली. मावळचा जो शेतकरी पुण्याच्या बाजारात माल नेतो, त्याच्या हिशेबपट्टीवर हमाली, तोलाई, वाराई अशा निरनिराळ्या रकमा मांडलेल्या असतात. त्यांवरून त्याची तक्रार असते आणि ती पुष्कळदा रास्तही असते. तरी कोणत्या कामाचे किती गेले, हे त्याला कागदावर दिसते आणि म्हणूनच तक्रार करता येते. रेल्वेच्या हमालाचे दरही असेच वजनागणिक ठरलेले असतात.

गॅसचा कामगार आणि दुचाकीवरचा पोहोचवणारा या परंपरेच्या बाहेर राहिले. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. मोबाइलवरून काम देणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम अशा कामगारांच्या कल्याणासाठी द्यावी, अशी तरतूद तीत आहे. ही प्रगती खरी. पण तो निधी आजारपणाच्या वा अपघाताच्या वेळचा. जिन्यावर रोज होणाऱ्या झिजेचे मोल रोजच्या मजुरीतच मिळावे लागेल. कारखान्यात इजा होण्याजोगे ओझे कोणाकडूनही उचलवून घेऊ नये, असे १९४८ च्या कारखाना कायद्याने सांगितले होते. जिना हा कारखाना नसल्याने त्या वाक्याचा लाभ जिन्यापर्यंत पोहोचला नाही.

उपाय काही अगम्य नाही. माल मागवताना पत्ता विचारलाच जातो. त्यात मजला आणि लिफ्ट आहे की नाही, एवढे दोन प्रश्न वाढवावेत. हातात मावेल एवढी पिशवी कोणत्याही मजल्यावर गेली पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. त्यापेक्षा जड ओझ्याला, लिफ्ट नसेल तेथे, मजल्यागणिक ठरलेली रक्कम पावतीवर दाखवावी आणि ती पूर्णपणे चढणाऱ्याच्या मजुरीत जावी. गॅसच्या बाबतीत ग्राहकाने दोनदा पैसे देण्याचे कारण नाही. किमतीत धरलेल्या पोहोच-खर्चातूनच वितरकाने वरच्या मजल्याची मजुरी अधिक द्यावी, आणि तो खर्च अपुरा असेल तर तेल कंपन्यांनी तो वाढवून मागावा. दारातल्या चिरीमिरीने ती तूट भरून काढली जाऊ नये. वयस्क आणि अपंग ग्राहकांवर हा भार पडू नये म्हणून तो सर्व ग्राहकांत वाटून टाकणेही अवघड नाही. तळमजल्यावर राहणारा गच्चीवरच्या पंपाच्या विजेत आपला वाटा देतोच.

काही गोष्टी तर कायद्याची वाट न पाहता उद्याच करता येतील. कित्येक संस्थांत लिफ्ट असूनही सामान पोहोचवणाऱ्यांनी ती वापरू नये, असा फलक लावलेला असतो. लिफ्टची वीज वाचवण्यासाठी म्हणावे, तर त्याच लिफ्टमधून रहिवाशांची मुले दिवसभर गंमत म्हणून वरखाली करीत असतात. वस्तू वर हवी, पण ती आणणारा लिफ्टमध्ये नको, या विचारामागे काटकसरीपेक्षा दुसरेच काही तरी आहे आणि त्याचे नाव घेणे सुशिक्षितांना आवडत नाही. ज्या सभेत पंपाच्या दुरुस्तीचा खर्च मंजूर होतो, त्याच सभेत हा फलक काढून टाकण्याचा ठराव मांडता येईल. त्याला पाच मिनिटेही लागणार नाहीत. जेथे लिफ्टच नाही, तेथे दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाठीवरचे ओझे टेकवता येईल एवढा एक दगडी ओटा बांधून घ्यावा. गावोगावच्या वाटांवर ओझेकऱ्यांच्या सोयीसाठी असे ओटे पूर्वी असत.