रक्त तपासा, चारित्र्य नव्हे

माझ्या खालाच्या मुलीला सासरी सहा वर्षं 'वांझ' म्हणून हिणवलं गेलं. ताबीज झाले, दर्ग्याच्या मन्नती झाल्या, नवऱ्याच्या दुसऱ्या निकाहाची बोलणीही सुरू झाली. अखेर डॉक्टरांनी सांगितलं, जुन्या संसर्गामुळे गर्भनलिका बंद झाल्या आहेत. नवऱ्याची तपासणी? ती आजतागायत झालेली नाही. त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

आपण याला शरम-हया म्हणतो. मला हा निव्वळ भेकडपणा वाटतो.

क्लॅमिडिया आणि परमा झालेल्या अनेक बायकांना काहीच लक्षणं दिसत नाहीत, पण वेळेत कळलं तर दोन्ही औषधांनी बरे होतात. गरमी म्हणजे सिफिलिस पेनिसिलिनने बरी होते. उपचार टाळले तर पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते. तरी आपली पोरं भिंतीवरची 'गुप्तरोग' जाहिरात वाचून भोंदूकडे जातात किंवा मेडिकलमधून चार गोळ्या आणतात, आणि तसेच निकाहाला उभे राहतात.

'तपासणी मागणं म्हणजे चारित्र्यावर संशय,' असं बुजुर्ग म्हणतात. का बरं? एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी रक्तातूनही होतात, आईकडून बाळालाही होतात. आणि हयेचंच म्हणाल तर, अन्सार स्त्रियांना दीन समजून घेताना लाज आडवी आली नाही, म्हणून हजरत आयेशांनी त्यांचं कौतुक केलं होतं. आपण मात्र अजून कुजबुजतोय.

सक्ती नकोच. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तपासणीला संमती लागते आणि अहवाल गुप्त ठेवावा लागतो. तो मोहल्ल्यात वाचून दाखवायचा कागद नाही. अहवाल पॉझिटिव्ह आला म्हणून आयुष्यही संपत नाही. रोजच्या गोळ्यांनी एचआयव्ही तपासणीत न सापडण्याइतका दबून राहिला, तर तो शरीरसंबंधातून जोडीदाराला होत नाही.

सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन मोफत मिळतं. बाकी लैंगिक आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक आहे. माहितीसाठी १०९७ वर फोन करा. संसर्ग ताजा असेल तर तपासणीत लगेच दिसत नाही, म्हणून पुन्हा कधी यायचं तेही विचारा.

भावांनो, मुलीकडच्यांनी विचारायची वाट पाहू नका. मेहर ठरवताना लाजत नाही, मग इथेच का?

माझा निकाह ठरेल तेव्हा मी माझा अहवाल पुढे ठेवीन आणि समोरच्याचाही मागेन. अम्मी नाराज होईल. सहा वर्षांच्या टोमण्यांपेक्षा ती नाराजी परवडली.