नाट्यशिक्षण आणि ‘संधीं’ची यादी

विद्यापीठीय नाट्यशिक्षणाच्या चर्चेत एक प्रश्न वारंवार उपस्थित केला जातो : नाट्यशास्त्राची पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याने पुढे करायचे काय? प्रश्न रास्त आहे. त्याला दिले जाणारे उत्तर मात्र तपासून घेतले पाहिजे. माहितीपत्रकांतून आणि मार्गदर्शनपर व्याख्यानांतून एक ठरावीक यादी पुढे येते : चित्रपट, मालिका, जाहिरात, निवेदन, समारंभांचे व्यवस्थापन, व्यक्तिमत्त्वविकासाचे वर्ग. या यादीत नाटक असलेच तर हौस म्हणून असते. नाट्यशिक्षणाचे मूल्य नाटकाबाहेर पडण्याच्या क्षमतेवरून ठरवावे, हे तिच्यामागील गृहीतक नाट्यविभागांनीच विनातक्रार स्वीकारावे, ही खरी चिंतेची बाब आहे.

या गृहीतकाला विरोध करणारा पक्षही तितकाच सदोष आहे. रोजगाराचा प्रश्न काढणे म्हणजे कलेला बाजारात उभे करणे, अशी त्याची धारणा असते. निष्ठा, ध्यास, साधना हे त्याचे परवलीचे शब्द. मराठी रंगभूमीचा इतिहास मात्र या पक्षाला साक्ष देत नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले ते सांगलीच्या संस्थानिकांच्या आश्रयाने. १९१३ मध्ये स्थापन झालेली गंधर्व नाटक मंडळी भागीदारीत उभी राहिली. अशा मंडळ्यांभोवती पगारी नट, साजिंदे, पडदे रंगवणारे, कपडेपट सांभाळणारे यांचा एक संसारच होता. नाटक हा तेथे व्यवसाय होता आणि त्यामुळे त्याच्या कलात्मकतेस बाधा आली, असे कोणी म्हणत नाही.

‘पोटापाण्यापलीकडचे नाटक’ ही कल्पना प्रामुख्याने स्वातंत्र्योत्तर प्रायोगिक रंगभूमीने रूढ केली. तिचे कर्तृत्व वादातीत आहे. परंतु तिचा आर्थिक पाया क्वचितच तपासला गेला. १९७३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या थिएटर अकॅडमीचे उदाहरण बोलके आहे. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे वैद्यकक्षेत्रातले, तर सतीश आळेकर जीवरसायनशास्त्रातले. दिवसाची नोकरी किंवा व्यवसाय आणि संध्याकाळची तालीम, अशी ही रचना होती. ध्यासाचे मूल्य दिवसाच्या पगारावर उभे होते. हे सांगण्यात त्या पिढीचे अवमूल्यन नाही. परंतु ज्याने नाट्यशास्त्र हाच मुख्य विषय म्हणून घेतला, त्याच्याजवळ ती दिवसाची नोकरी मिळवून देणारी दुसरी पदवी नसते. मराठवाड्यातील किंवा विदर्भातील गावाकडून आलेल्या, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याला साधनेचा उपदेश करणे म्हणजे एका वर्गाची सोय सार्वत्रिक मूल्य म्हणून सांगणे होय. मग रंगभूमीवर कोण टिकेल हे गुणवत्तेऐवजी घरची परिस्थिती ठरवते. आणि ज्यांचे अनुभव मराठी नाटकात क्षीणपणे उमटले आहेत, तेच प्रथम गळतात. आर्थिक वाटणारा हा प्रश्न अशा रीतीने आशयाचा प्रश्न बनतो.

यादी आणि उपदेश यांच्यापलीकडे तिसरी वाट आहे व ती कल्पनेतली नाही. १९५९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९६४ मध्ये वेतनावर चालणारे रंगमंडल उभारले, १९८९ मध्ये बालकांसाठी काम करणारे शिक्षणरंगभूमीचे पथक काढले. बर्लिनच्या ग्रिप्स रंगभूमीपासून प्रेरणा घेऊन पुण्यात १९८०च्या दशकात मुलांचे वास्तव मांडणारे नाटक सुरू झाले. प्रशिक्षित रंगकर्म्याला नाटकातच काम देता येते, हे यातून सिद्ध होते. महाराष्ट्रात असे वेतनावर चालणारे रंगमंडल विद्यापीठांच्या आधाराने का उभे राहू नये, हा प्रश्न नाट्यविभाग कधी विचारत नाहीत.

शाळांची कथाही निराळी नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षणाला शालेय शिक्षणाचा अविभाज्य भाग मानले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला आणि विज्ञान यांतील भिंत अमान्य केली. तरीही सर्वसाधारण शाळेत नाट्यशिक्षकाचे नियमित पद दुर्मीळच आहे. स्नेहसंमेलनाच्या महिनाभर आधी बोलावलेला दिग्दर्शक म्हणजे नाट्यशिक्षक नव्हे.

दोष केवळ शासनाचा नाही. नट आणि दिग्दर्शक हेच नाट्यविभागांच्या कल्पनेतील दोन नायक असतात. प्रकाशयोजना, नेपथ्य, नाट्यगृहाचे व्यवस्थापन, प्रयोगांचे दस्तऐवजीकरण, मुलांबरोबरचे काम या गोष्टी अभ्यासक्रमात असल्या तरी दुय्यम मानल्या जातात. नाट्यसमीक्षाही संहितेभोवतीच घुटमळते. प्रयोग कोणाच्या श्रमावर उभा राहिला आणि त्या श्रमाचा मोबदला कोणी दिला, याची नोंद ती घेत नाही. ज्या श्रमाला समीक्षेत नाव नाही, त्याच्यासाठी पद मागणार कोण?

म्हणून नाट्यविभागांनी ‘संधीं’ची यादी बाजूला ठेवून तीन मागण्या कराव्यात : शाळांत नाट्यशिक्षकाची पदे, विभागवार वेतनी रंगमंडले आणि प्रयोगांची सार्वजनिक संग्रहालये. या मागण्या मान्य होतील की नाही, हा पुढचा प्रश्न. त्या अद्याप एकमुखाने केल्या गेलेल्या नाहीत, याचे उत्तर विभागांनीच दिले पाहिजे.